उंदराच्या अंगात कोण येतं

सावळेराम भगताच्या हातातल्या तांब्यातलं पाणी देवळाच्या पायरीपासून घोंगडीपर्यंत येईतो अर्धंअधिक सांडलं, आणि जे सांडलं ते समोर बसलेल्या कुशाबानं बोटावर घेऊन डोळ्यांना लावलं.

घोंगडीजवळ येता येता सावळेरामचा उजवा पाय आपल्याच डाव्या पायाच्या वाटेत आला. तो आधी एका अंगाला कलला, मग दुसऱ्या अंगाला, आणि भद्दिशी खाली बसला. बसला म्हणण्यापेक्षा पडलाच. समोरची सात-आठ माणसं जागची हलली नाहीत. ज्याच्या अंगात देव आहे त्याला हात लावायचा नसतो, हे त्या वाडीत रांगत्या पोरालाही ठाऊक. सावळेरामचं ढोपर सोलवटलं होतं. त्यानं त्यावर धोतर ओढून घेतलं आणि चेहरा जमेल तेवढा गंभीर केला.

आहुप्याच्या अलीकडे हिरड्याच्या झाडीत दडलेली ती वाडी. देवराईच्या कडेला कुंडाईचं कौलारू देऊळ, आणि कुंडाईचा भगत सावळेरामच्याच घरातला. भगत काय, गावोगाव असतात. ढोल घुमला की त्यांच्या अंगात येतं, लिंबू कापलं की जातं. सावळेरामच्या घरची रीत निराळी. चाळिशी उलटली की त्या घरातल्या एखाद्या पुरुषाच्या अंगात वारं शिरायचं ते कायमचं. तो चालताना डुलायचा, बोलताना त्याची जीभ जड व्हायची, हातातला घास तोंड सोडून गालाकडे जायचा, आणि ते वारं थेट सरणापर्यंत सोबत करायचं. दुसऱ्याकडे देव पाहुणा येतो, ह्यांच्याकडे घरजावई होऊन राहतो, असं वाडीतले म्हातारे कौतुकानं म्हणत.

सावळेरामचा बाप चिमाजी असाच डुलत डुलत घोंगडीवर बसला आणि मरेपर्यंत बसला. त्याच्याकडे पार जुन्नरच्या बाजूची माणसं यायची. 'कुंडाई म्हणती' असं तो म्हणाला की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहायचा. पुढे सावळेराम एका आवणीला भाताच्या चिखलात पुन्हा पुन्हा बसू लागला, तेव्हा बायामाणसांनी हातातली रोपं टाकून हात जोडले. त्याला आंघोळ घातली, कपाळाला भंडारा लावला आणि बापाच्या घोंगडीवर नेऊन बसवलं. ह्याला आता आठेक वर्षं झाली होती.

त्या दिवसापासून सावळेराम वाट पाहत होता. वारं आलं, आता आवाज येईल. आवाज काही आला नाही. त्यानं बिडी सोडली, मटण सोडलं, वहाणा सोडल्या, झुंबरबाईच्या शेजारचं अंथरूण उचलून ओसरीत नेलं. कुंडाई त्याच्या पायांत शिरली, हातांत शिरली, जिभेवर ठाण मांडून बसली, पण कानात म्हणून कधी आली नाही. आपल्यात काहीतरी खोट आहे, ती तिला दिसली आहे, आणि म्हणून आपल्याच अंगात राहून ती आपल्याशी अबोला धरून आहे, अशी त्या भल्या माणसाची खात्री झाली होती. कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ कायम झाकून धरायची तर हातालाही रग लागते.

लोक विचारायचे तेव्हा तो आपल्या अकलेनं सांगायचा. चुकलेली गाय कुठल्या ओढ्याला असेल, पोरीला त्या घरात द्यावी की नाही. सांगणं बहुधा बरोबर निघायचं, कारण माणूस शहाणा होता. फक्त पुढे 'कुंडाई म्हणती' जोडावं लागायचं, आणि ते दोन शब्द दर वेळी घशात अडकायचे. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

गेल्या चैत्रात त्यानं असंच सांगून टाकलं, औंदा भात झकास होईल. भात झालंही झकास, आणि काढणीच्या तोंडावर पावसानं सगळं आडवं केलं. सावळेरामला कुणी बोल लावला नाही. बोल लावला असता तर बरं झालं असतं. लोकांनी आपल्यातच कसूर शोधली आणि ती कुशाबाच्या सुनेत सापडली. श्रेया मंचरकडची पोर. वाडीत मोबाइलला रेंज येते ती देवराईतल्या एका खडकावरच. राईत अनवाणी जायचं हे बिचारीच्या ध्यानात राहिलं नाही, पायात चपला तशाच ठेवून ती आत गेली आणि खडकावर बसून आईशी बोलत राहिली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. कुशाबानं तिला दिवाळीला माहेरी धाडलं, ते आता शिमगा आला तरी आणलं नव्हतं.

"देवा," कुशाबा हात जोडून म्हणाला, "आज तरी इचार. सुनंला आणू का नगं? पोरगं धड जेवत न्हाई, माज्याशी बोलत न्हाई. कुंडाईचा राग गेला का न्हाई, तेवडं सांग."

सावळेरामनं डोळे मिटले. राईत कुठेतरी शेकरू कटकट करून ओरडलं आणि गप्प झालं. 'आण तिला' हे शब्द त्याच्या जिभेच्या टोकावर होते. पण भाताचं सांगायला गेलो आणि एका पोरीचा संसार उसवला. आता पुन्हा देवीच्या तोंडी आपले शब्द घालायची त्याची छाती होईना. आणि कुंडाई खरोखरच रागावली असली तर? तिचा राग त्याच्याइतका कुणी भोगला होता?

"काय बोलत न्हाई," तो अखेर म्हणाला.

कुशाबाचे खांदे पडले. "म्हंजी हाये अजून राग," असं पुटपुटत तो उठला. गेले कितीतरी मंगळवार हेच चाललं होतं.

देवळाच्या खांबाला टेकून सावळेरामची लेक रत्ना हे सगळं ऐकत होती. ती पुण्यात मोठ्या प्रयोगशाळेत कामाला. तिथं रोगांच्या अभ्यासासाठी उंदीर ठेवलेले असतात, त्यांची सगळी देखभाल आणि तपासणी तिच्याकडे. वाडीनं त्याचा आपल्या परीनं अर्थ लावला होता. "शिकून शिकून पोरीनं काय केलं, तर उंदरं पाळली," कुशाबा बरे दिवस होते तेव्हा हसून म्हणायचा, "आमच्या कणगीतली फुकट न्यायची व्हती की!" रत्नाही हसायची. आज मात्र ती सकाळपासून हसली नव्हती.

घरी आल्यावर तिनं बापाचं ढोपर कोमट पाण्यानं धुतलं. चुलीपुढे झुंबरबाई नागलीची भाकरी थापत होती. लेक देवाच्या अंगाला हात लावते आहे हे तिनं पाहिलं आणि नको म्हणाली नाही.

"आबा, तुम्हाला एक दाखवायचंय," रत्ना म्हणाली. घोडेगावपासून एस.टी.त बसल्या बसल्या तिनं हे वाक्य मनात घोळवलं होतं. तिनं मोबाइल त्याच्यापुढे धरला.

पांढऱ्या कागदावर एक काळा उंदीर चालत होता. मागचे पाय फेंगडे टाकत, शेपूट ताठ धरून तो चार पावलं गेला, एका कुशीला कलंडला, धडपडत उठला. पुन्हा चार पावलं. मग दुसऱ्या कुशीला.

सावळेरामनं ते एकदा पाहिलं. पुन्हा लाव म्हणाला. पुन्हा पाहिलं. कुणी काही सांगायची गरज नव्हती. आपली चाल माणसाला आपल्या सावलीत दिसलेली असते.

"ह्यो माज्यावाणी चालतोय," तो म्हणाला. आणि जरा थांबून, अगदी सरळ मनानं त्यानं विचारलं, "ह्येच्या अंगात कोण येतं?"

"कुणी नाही, आबा."

"आसं कसं? लेण्याद्रीचा गणपती उंदरावर बसतो. त्योच आला आसंल."

"एक नाही, आबा, पुष्कळ आहेत असे. एका आईबापाची पिल्लं. पहिल्यांदा नीट पळतात, वयात आली की डुलायला लागतात. शेजारच्या पिंजऱ्यात दुसऱ्या आईबापाची आहेत, तेच खाणं, तेच पाणी. त्यांच्यातलं एकही डुलत नाही."

सावळेराम मोबाइलकडे पाहत राहिला. चुलीपुढली थापटण्याची थपथप थांबली होती.

"मेंदूच्या मागच्या बाजूला तोल सांभाळणाऱ्या पेशी असतात," रत्ना हळूहळू सांगू लागली. "भिंगाखाली बघितल्या तर झाडासारख्या दिसतात, फांद्या पसरलेल्या. ह्या उंदरांच्यात त्या एकेक करून वाळून जातात. हे बापाकडून येतं, नाहीतर आईकडून. त्यांनी काही खाल्लं म्हणून नाही, काही केलं म्हणून नाही. जन्मतानाच घेऊन आलेलं असतं. मी कामाला लागले त्याच महिन्यात पहिल्यांदा हे बघितलं, आणि मला तुम्ही दिसला. आजोबा दिसले. तेव्हापासून सांगायचं म्हणते आणि धीर होत नाही."

"म्हंजी," सावळेराम सावकाश म्हणाला, "माज्या पायांत कुंडाई न्हाई."

"आबा, मी देवीला काही म्हणत नाही..."

"थांब. पायांत न्हाई, एवडंच इचारतोय."

"नाही."

"जिभंवर?"

"नाही, आबा."

त्यानं मान खाली घातली. त्याचे खांदे हलू लागले. ह्या माणसाचा सगळा मान त्या डुलण्यावर उभा होता, आणि आपण दोन वाक्यांत तो काढून घेतला असं रत्नाला वाटलं. ती त्याच्या पायांशी वाकली आणि मग तिला दिसलं, की बाप हसतोय. डोळ्यांतून पाणी वाहतंय, नाक गळतंय, आणि तो लहान पोरासारखा हसतोय.

"अगं, मला वाटलं ती माज्याशी बोलत न्हाई!" तो म्हणाला. "आट वरसं, पोरी. बिडी सोडली, मटान सोडलं, म्हनलं कशानं तरी बोलंल. ती हितं नव्हतीच, तर बोलंल कुटनं? माज्यावर रागवायला ती येतीय कशाला! ती आपली हाये तिच्या देवळात, सुखानं."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. झुंबरबाईनं ती काढली नाही. ती उठून आली, पदराला हात पुसले आणि नवऱ्यासमोर बसली.

"तुमच्याशीबी बोलली न्हाई?" तिनं विचारलं.

"बी म्हंजी?"

झुंबरबाईनं एकदा लेकीकडे पाहिलं. "मामंजी अंथरुणाला खिळले व्हते तवाची गोष्ट. मी पेज पाजत व्हते. मला म्हनले, झुंबर, कुंडाई माज्याशी कंदीच बोलली न्हाई. मी आपल्या मनाचं सांगत आलो. माजंच कायतरी चुकलं आसंल. पर सावळ्याशी बोलंल, त्यो माज्यापरीस चांगला हाये. आन् त्येला ह्ये सांगू नगंस, उगं त्येचं मन मोडंल. मला आन घातली."

सावळेराम तिच्याकडे बघतच राहिला.

"मंग तुमी घोंगडीवर बसलात. मला वाटायचं, तुमाला येत आसंल आवाज. कंदी वाटायचं, न्हाई येत. पर तुमी बोलला न्हाईत, मंग मी कशी बोलू? खरंच येत आसला तर?"

चिमाजी, ज्याच्या शब्दानं माणसांच्या अंगावर काटा यायचा, तो सगळा जन्म ह्याच भीतीत बसून होता. सावळेरामला बापाची एकदम फार माया आली. जिवंतपणी त्यानं बापाला घाबरून नमस्कारच केले होते. जवळ जाऊन बसला नव्हता. आता बसला असता. दोघांनी मिळून हसून घेतलं असतं.

"बा तसाच गेला," तो म्हणाला. हसू कधीच ओसरलं होतं, पण छातीवरचा धोंडा काही परत चढला नाही.

झुंबरबाईनं हात पुढे केला आणि त्याचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत ती त्याच्या पडण्याकडे पाहत उभी राहिली होती. आता तिनं मनगट असं घट्ट धरलं की त्याला ते दुखलं, आणि तो सोड म्हणाला नाही.

"पुण्यात एक डॉक्टरीणबाई आहेत," रत्ना डोळे पुसत म्हणाली. "त्या तुम्हाला बघायचं म्हणतात. औषध नाही ह्यावर अजून, खोटं कशाला सांगू. पण व्यायाम आहेत, जपून चालायची रीत आहे, पडणं पुष्कळ कमी होतं. आणि रक्त तपासायचंय. तुमचं कळलं की मग माझंही कळेल."

सावळेराम दचकला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. "तुलाबी?"

"असेल किंवा नसेल. निम्मं निम्मं."

"भ्या वाटतं?"

"वाटतं," रत्ना म्हणाली. "पण तुम्हाला सांगायचं भ्या त्याहून मोठं होतं. ते तरी गेलं."

सावळेरामनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात थरथरत कानावर घसरला, तो त्यानं तिथंच राहू दिला. मग म्हणाला, "डाक्टरणीकडं जाऊ. आदी मला कुशाबाकडं घेऊन चला."

भगत कुणाच्या दारी जात नाही, लोक त्याच्याकडे येतात. त्यामुळे भर दुपारी एका हाताला बायको आणि दुसऱ्या हाताला लेक अशी सावळेरामची वरात निघाली, तेव्हा वाडीतल्या बाया कामं टाकून दारात आल्या. एकीनं सवयीनं हात जोडले. झुंबरबाई तिच्याकडे बघून म्हणाली, "हात जोडू नगंस, त्यो वाटंतला दगड उचल."

कुशाबा अंगणात वाळत घातलेला हिरडा पायानं परतत होता. भगताला पाहून तो गडबडीनं बाजूला झाला.

"देवा! तुमी हितं?"

"सुनंला घिऊन ये, कुशाबा."

कुशाबाचं तोंड उजळलं. "कुंडाई बोलली?"

"न्हाई. मी बोलतोय."

उजळलेलं तोंड तसंच अर्ध्यात थांबलं. "आन् तिचा राग?"

"ती गप हाये. गप ऱ्हाणं म्हंजी राग न्हवं, गड्या. मीबी इतकी वरसं तसंच समजत व्हतो, माजा बा बी तसंच समजत मेला." सावळेरामची जीभ अडखळत होती, तरी तो थांबला नाही. "ती माज्याशी कंदी बोललीच न्हाई. ह्ये डुलणं माज्या मेंदूतलं दुखणं हाये, पिढीजात. आन् भाताचं म्हनशील तर पाऊस आहुप्यापासनं घोडेगावापतुर समद्यांच्या भातावर पडला. समद्यांच्या सुना काय चपला घालून राईत गेल्या व्हत्या?"

कुशाबा खाली हिरड्याकडे पाहत राहिला. पायाच्या अंगठ्यानं त्यानं एक फळ उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. आता हा शिव्या देईल, की खोटा भगत म्हणून वाडी गोळा करील, असं सावळेरामला वाटून गेलं. पण झुंबरबाईनं धरलेलं मनगट सोडलं नव्हतं.

"ह्ये मलाबी वाटलं व्हतं," कुशाबा अखेर म्हणाला. "पावसाचं. दिवाळीतच वाटलं व्हतं. पर तू डोळं मिटून गप बसायचास. म्हनलं, मी कोण तुज्या वरचढ."

"माजंच चुकलं. बोलायला पायजे व्हतं."

"आता बोललास." कुशाबानं घराकडे तोंड करून लेकाला हाक दिली, "मोहित! आरं ए मोहित! जीप काढ. मंचरला जायाचंय, सुनंला आणायला."

आत काहीतरी भांडं पडल्याचा आवाज झाला. मोहित दारात आला तो पायात एकच वहाण घालून. बापाच्या तोंडाकडे बघून त्यानं दुसरी शोधलीच नाही, तसाच जीपकडे पळाला.

"सावळ्या, तूबी चल," कुशाबा हळू आवाजात म्हणाला. "त्या दारात एकट्यानं उभं ऱ्हायचं त्वांड मला न्हाई."

"चल की. तिथनं पुढं आमी पुण्याला जातो, डाक्टरणीकडं."

सावळेरामला पुढच्या बाकावर चढवायला कुशाबा स्वतः पुढे झाला. काखेत हात घालून त्यानं त्याला वर उचललं. रत्नानं त्याचा एक पाय आत ठेवला, मोहितनं दुसरा. झुंबरबाई घरी जाऊन फडक्यात भाकऱ्या घेऊन धावत आली, त्यात ती करपलेलीही होती. जीप चढाला लागली तसा कुशाबा मागच्या बाकावरून पुढे वाकला. बराच वेळ त्याच्या मनात काहीतरी घोळत होतं.

"सावळ्या, एक इचारू का? देव न्हाई म्हंतूस तुज्या अंगात. मंग मंगळवारी आमी इचारायला यायचं का न्हाई?"

सावळेराम खिडकीतून येणारं वारं तोंडावर घेत होता. "या की," तो म्हणाला. "माज्या अकलंनं सांगीन. चुकलं तर शिव्या मला द्यायच्या, सुनंला न्हाई."